कोकण : घाटवाटा आणि बंदरे

दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्थानकातून सुटणारी मंगला एक्सप्रेस कसारा घाट उतरून कोकणात येते. पनवेल मागे पडले की बोगदा, पूल, पुन्हा बोगदा असा प्रवास सुरू होतो. प्रदेशाची रचनाच तशी आहे. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला अरबी समुद्र आणि मध्ये सुमारे ५० किलोमीटर रुंदीची, खाड्यांनी कापलेली डोंगराळ पट्टी. इटलीतील लिगुरिया प्रांतही असाच आहे. तिथेही सपाट जमीन नावालाच.

अशा पट्टीत कोणते बंदर वाढते? ज्याच्या पाठीमागच्या डोंगरातून वाट आहे, ते. कोकणच्या भाता-नारळावर मोठा व्यापार उभा राहिला नसता. बराचसा माल घाटमाथ्यावरून बैलांच्या पाठीवर येई. सोपारा व कल्याण यांच्यामागे नाणेघाट होता. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. घाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असे परंपरेने सांगतात. चौलमागे बोरघाट, दाभोळमागे कुंभार्ली. नकाशा उघडून या जोड्या तुम्हीच जुळवून पाहा, पाठ करावे लागणार नाही.

लिगुरियातील जेनोआने समुद्राच्या बळावर शतकानुशतके आपले प्रजासत्ताक टिकवले. कोकणावर मात्र बहुधा घाटावरच्या सत्तेचा अंमल राहिला. कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांचे आरमार याला अपवाद ठरू शकले असते. त्यांचा मुलगा तुळाजी याचे आरमार १७५६ मध्ये विजयदुर्गात जळाले, तेव्हा इंग्रजांच्या बाजूने पेशव्यांची फौज होती. पाठ्यपुस्तके ही घटना एका ओळीत उरकतात; माझ्या मते ती मराठ्यांच्या सागरी इतिहासातील सर्वांत महागडी चूक होती.

पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली आणि दख्खनचा माल मुंबईकडे वळला. दाभोळ, राजापूर यांच्यामागच्या वाटा ओस पडत गेल्या. मालापाठोपाठ माणसेही निघाली. रत्नागिरीचा तरुण गिरणीत लागला, घर मनीऑर्डरवर चालू लागले आणि ‘चाकरमानी’ हा शब्द रूढ झाला.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, पण ती किनाऱ्याला समांतर धावते. कुंभार्ली घाटातून आजही रेल्वे जात नाही.