सुरतेचा कर आणि सुरतेचा रस्ता

सुरत म्हटलं की आपल्या मराठी मनात एकच चित्र उभं राहतं. जानेवारी १६६४, शिवाजी महाराजांची स्वारी आणि पेटलेल्या सावकारी पेढ्या. शाळेत आपण एवढंच शिकलो. पण या स्वारीची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती मला परवा पावसात गावच्या रस्त्यावरचे खड्डे चुकवताना आठवली!

सुरत हे मुघलांचं सर्वांत श्रीमंत बंदर. तिथल्या जकातीचं उत्पन्न शाहजहानने आपली मुलगी जहांआरा हिला दिलं होतं. पानविड्याच्या खर्चासाठी म्हणे! त्या काळचे परदेशी प्रवासी तसं लिहून गेले आहेत. एवढा कर भरणाऱ्या शहराला धड तटबंदी मात्र नव्हती. शहराचा अधिकारी इनायतखान पाचशे शिपायांचा पगार सरकारातून उचलायचा आणि खिशात घालायचा. मराठे आले तेव्हा तो किल्ल्यात जाऊन बसला आणि व्यापारी वाऱ्यावर राहिले. म्हणजे सुरत महाराजांच्या आधीच लुटली गेली होती, तिच्याच राखणदाराकडून. पुढे औरंगजेबाने तट बांधायचा हुकूम दिला, तरी १६७० मध्ये शहर पुन्हा लुटलं गेलंच.

इंग्रजांचं राज्य आलं, तरी ही जखम भरली नाही. १८४४ मध्ये सरकारने मिठावरचा कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला. सुरतेत दुकानं बंद झाली, लोक रस्त्यावर उतरले. अखेर सरकारला बारा आण्यांवर यावं लागलं. गांधीजींच्या दांडीयात्रेच्या ८६ वर्षं आधीची ही गोष्ट, आणि दांडी तिथून फार लांबही नाही. १८७८ मध्ये व्यापारावर परवाना कर बसला, तेव्हा पुन्हा दंगा आणि गोळीबार. सुरती माणूस चिकट म्हणून हे घडलं का? मला तसं वाटत नाही. धर्मशाळा, पांजरपोळ यांना हात सैल सोडणारं हे शहर. राग पैसे देण्याचा नव्हता. दिलेले पैसे कुठं जातात ते दिसत नाही, याचा होता.

आता थेट १९९४ मध्ये येऊया. सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली. पावसाचं पाणी तुंबलेलं, कचऱ्याचे ढीग, मेलेली जनावरं. लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. त्यांत आपले खानदेशी बांधवही होते. उधना, लिंबायत भागांत यंत्रमागावर राबणारी किती मराठी कुटुंबं आहेत, ते तिकडे गेल्याशिवाय कळत नाही. मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला, पण जगभर नाचक्की झाली.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले. हाताशी महापालिका तीच, सफाई कामगारही तेच. रावांनी वेगळं काय केलं? एक म्हणजे अधिकाऱ्यांना रोज सकाळी थंडगार कचेरीतून उठवून रस्त्यावर पाठवलं. शहराच्या विभागप्रमुखांना तिथल्या तिथे निर्णय घ्यायचे अधिकार दिले. मोठे रस्ते रात्रीही झाडले जाऊ लागले. रस्तारुंदीच्या आड येणारी बेकायदा बांधकामं पाडली, आणि हातोडा आधी बड्यांच्या इमारतींवर पडला. सामान्य माणसाचा विश्वास बसला तो इथं. कचरा टाकणाऱ्याला दंड झाला, तो लोकांनी भरला. कराची वसुलीसुद्धा वाढली! १९९६ मध्ये 'इंटॅक'ने चंडीगढनंतरचं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून सुरतेचं नाव घेतलं. मध्ये अवघी दोन वर्षं गेली होती.

राव बदलून गेले, पण घडी बरीचशी टिकली. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये सुरतेला इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळाला. हजिऱ्याला पोलाद कारखान्यांच्या मळीपासून केलेला सहापदरी रस्ता २०२२ मध्ये खुला झाला. महापालिकेच्या शाळांमध्ये आजही मराठी माध्यम आहे, म्हणजे यंत्रमागवाल्याने भरलेला कर त्याच्या मुलाच्या पाटीपर्यंत पोचतो.

सुरत म्हणजे स्वर्ग असं मात्र कुणी समजू नये. २००६ च्या पुरात तापीने शहराचा मोठा भाग बुडवला. २०१९ मध्ये एका शिकवणीच्या वर्गाला आग लागून २२ मुलं गेली. झाडलेला रस्ता हा कारभाराचा एक भाग झाला, सगळा कारभार नव्हे.

तरी मला या रस्त्याचं मोल वाटतं. देवळाला दिलेली देणगी फरशीवर नावासकट कोरतात. रस्त्यावर आपलं नाव नसतं, पण त्यात आपलेही चार पैसे असतात. रिक्षावाला, फुलवाली, मोटारवाला सगळे त्यावरून सारख्याच हक्काने जातात. इतकं सार्वजनिक दुसरं काय आहे आपल्याकडे?

म्हणून पंचायतीची घरपट्टी भरताना कुरकुर करू नये, असं मी म्हणेन. पण पावती खिशात घालून गप्पही बसू नये. ग्रामसभेला जावं आणि पाचशे शिपाई कुठं आहेत, ते विचारावं!