मंकी आयलंड (खेळमालिका)

मंकी आयलंड (शब्दशः अर्थ: माकडांचे बेट) ही समुद्री चाच्यांच्या जीवनावर आधारलेली, विनोदी स्वरूपाच्या संगणकीय साहसखेळांची मालिका आहे. मालिकेतील पहिला खेळ, 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड', १९९० साली अमेरिकेतील लुकासफिल्म गेम्स या संस्थेने प्रसिद्ध केला. रॉन गिल्बर्ट हे त्याचे मुख्य रचनाकार असून टिम शेफर व डेव्ह ग्रॉसमन यांनी त्यांच्यासह लेखन केले. चाचा होण्याची तीव्र इच्छा असलेला, परंतु त्या व्यवसायाला लागणारे कोणतेही गुण अंगी नसलेला गायब्रश थ्रीपवुड हा तरुण मालिकेचा नायक आहे. २०२२ पर्यंत मालिकेत सहा मुख्य खेळ प्रसिद्ध झाले. पॉइंट-अँड-क्लिक या खेळप्रकारातील विनोदी लेखनाचा आदर्श म्हणून या मालिकेचा उल्लेख केला जातो.

खेळाचे स्वरूप

या प्रकारच्या खेळात हातांच्या चपळाईपेक्षा निरीक्षण, तर्क आणि संवाद यांना महत्त्व असते. खेळाडू माउसने पडद्यावरील वस्तूंवर व व्यक्तींवर टिचकी मारून नायकाला कामे सांगतो. आरंभीच्या साहसखेळांत आज्ञा इंग्रजीत टंकलिखित कराव्या लागत. संगणकाला अपेक्षित असलेला नेमका शब्द न सुचल्यास खेळ पुढे सरकत नसे. लुकासफिल्म गेम्सच्या १९८७ सालच्या 'मॅनिअॅक मॅन्शन' या खेळात पडद्याच्या खालच्या भागात क्रियापदांची यादी देण्यात आली आणि टंकलेखनाची गरज संपली. मंकी आयलंडने हीच पद्धत स्वीकारली. मालिकेतील दुसऱ्या खेळात उघड, बंद कर, दे, उचल, पाहा, बोल, वापर, ढकल आणि ओढ अशा अर्थाची नऊ क्रियापदे होती. एखादे क्रियापद व एखादी वस्तू निवडली की वाक्य पूर्ण होते आणि नायक त्याप्रमाणे वागतो. तिसऱ्या खेळात ही यादी जाऊन तिच्या जागी हात, कवटी व पोपट ही चिन्हे असलेले नाणे आले. पोपटाचा उपयोग बोलण्यासाठी व अन्य तोंडी क्रियांसाठी होतो.

निर्मिती

खेळाची कल्पना सुचण्यास डिस्नेलँडमधील 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही करमणुकीची नौकासफर आणि टिम पॉवर्स यांची १९८७ सालची 'ऑन स्ट्रेंजर टाइड्स' ही कादंबरी कारणीभूत झाल्याचे गिल्बर्ट यांनी सांगितले आहे. चाच्यांच्या जगात वूडू मंत्रविद्येला मिळालेले स्थान या कादंबरीशी नाते सांगते.

नायकाच्या नावाची कथा प्रसिद्ध आहे. त्याचे चित्र डिलक्स पेंट या चित्रप्रणालीत तयार करण्यात आले होते. पात्राला नाव नसल्याने धारिकेला 'गाय', म्हणजे 'माणूस', असे तात्पुरते नाव दिले होते. त्यापुढे प्रणालीतील 'ब्रश' हा शब्द जोडला गेला आणि 'गायब्रश' हे नाव रूढ झाले. 'थ्रीपवुड' हे आडनाव पी. जी. वुडहाउस यांच्या विनोदी कादंबऱ्यांच्या वाचकांना परिचित आहे.

खेळाची पार्श्वचित्रे मुख्यत्वे मार्क फेरारी व स्टीव्ह पर्सेल यांनी काढली. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत केवळ सोळा रंग वापरता येत होते. नंतरच्या आवृत्तीत ही संख्या २५६ झाली. मायकेल लँड यांनी रचलेली कॅरिबियन वळणाची शीर्षकधून मालिकेची ओळख बनली.

पहिल्या खेळाचे कथानक

गायब्रश मेले नावाच्या बेटावर येतो. तेथील मद्यगृहात बसलेले तीन वयस्क चाचे त्याला तीन परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगतात: तलवारबाजी, चोरी आणि खजिन्याचा शोध. चोरीसाठी त्याला बेटाच्या राज्यपालांच्या वाड्यातून एक मूर्ती आणावयाची असते. तेथे त्याची राज्यपाल इलेन मार्ली हिच्याशी भेट होते व तो तिच्या प्रेमात पडतो. तथापि, इलेनवर अनुरक्त असलेला भुताळी चाचा लचक तिचे अपहरण करून तिला मंकी आयलंडवर नेतो.

गायब्रश स्टॅन नावाच्या वाचाळ विक्रेत्याकडून जुने जहाज मिळवतो, कामचुकार खलाशी जमवतो आणि बेट गाठतो. तेथील नरभक्षक आरोग्याच्या चिंतेने शाकाहारी झालेले आढळतात. भुतांचा नाश करणारी एक जादुई मुळी मूळची त्यांची असते. अखेरच्या प्रसंगी ती मुळी हाती नसताना गायब्रश 'रूट बियर' नावाचे शीतपेय उडवून लचकचा नायनाट करतो. इंग्रजीत 'रूट' म्हणजे मूळ, या श्लेषावर हा शेवट उभा आहे. इलेन मात्र तोपर्यंत आपली सुटका स्वतःच करून घेण्याच्या तयारीत असते. नायकाची धडपडच तिच्या योजनेत अडथळा आणते. पराक्रमी नायक आणि असहाय नायिका या साहसकथांतील संकेताची ही थट्टा मालिकेत पुढेही चालू राहते.

शाब्दिक तलवारयुद्ध

मालिकेतील सर्वांत गाजलेली योजना म्हणजे अपमानांचे तलवारयुद्ध. येथे विजय शस्त्राच्या कौशल्यावर नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याच्या टोमण्याला समर्पक उत्तर देण्यावर अवलंबून असतो. एकाने टोमणा मारावा आणि दुसऱ्याने त्याच उपमेचा आधार घेऊन तो परतवावा, अशी ही रीत आहे. उदाहरणार्थ, नायकाची लढत गवळ्याच्या कामासारखी असल्याचे हिणवले गेल्यास, उत्तरात टोमणा मारणाऱ्याचीच गणना गुरांमध्ये केली जाते. यातील काही टोमणे विज्ञानकथालेखक ऑर्सन स्कॉट कार्ड यांनी लिहिले आहेत.

आरंभी गायब्रशला फारच थोडे टोमणे येत असतात. रस्त्यावर भेटणाऱ्या चाच्यांकडून हरत हरत तो नवे टोमणे व त्यांची उत्तरे शिकतो. येथे पराभव हाच अध्ययनाचा मार्ग आहे. तलवारीतील निष्णात कार्लाशी गाठ पडते तेव्हा ती पूर्वी न ऐकलेले टोमणे मारते. त्यांना शिकलेल्या उत्तरांपैकीच योग्य उत्तर लावावे लागते. त्यामुळे पाठांतर पुरेसे ठरत नाही, अर्थ समजावा लागतो. मराठी वाचकास तमाशातील सवाल-जवाब किंवा शाहिरांच्या कलगी-तुऱ्याचा झगडा आठवावा असा हा प्रकार आहे. तिसऱ्या खेळातील सागरी लढायांत तर उत्तराचे यमकही टोमण्याशी जुळावे लागते.

कोड्यांची रचना

१९८९ साली लिहिलेल्या एका लेखात गिल्बर्ट यांनी तत्कालीन साहसखेळांवर टीका केली होती. सिएरा या संस्थेच्या खेळांत एखाद्या क्षुल्लक चुकीने नायक मरत असे, किंवा आरंभी एखादी वस्तू उचलण्याचे राहिल्यास कित्येक तासांनंतर खेळ पुढे नेणे अशक्य होत असे. खेळाडूला कारण न कळता शिक्षा होऊ नये, कोड्याचे उत्तर कथेतूनच सुचावे आणि समस्या उत्तराच्या आधी समोर यावी, अशी तत्त्वे त्यांनी मांडली.

मंकी आयलंडमध्ये ही तत्त्वे अमलात आणली गेली. नायक मरत नाही आणि खेळ अडून पडत नाही. याला अपवाद एकच, व तोही विनोदासाठी योजलेला: आपण दहा मिनिटे श्वास रोखू शकतो अशी बढाई मारणाऱ्या गायब्रशला पाण्याखाली दहा मिनिटांहून अधिक काळ ठेवल्यास तो खरोखर बुडतो.

मालिकेतील खेळ

द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड (१९९०)
मंकी आयलंड २: लचक्स रिव्हेंज (१९९१)
द कर्स ऑफ मंकी आयलंड (१९९७)
एस्केप फ्रॉम मंकी आयलंड (२०००)
टेल्स ऑफ मंकी आयलंड (२००९, पाच भागांत)
रिटर्न टू मंकी आयलंड (२०२२)

दुसऱ्या खेळाचा शेवट वादग्रस्त ठरला. त्यात नायक व खलनायक करमणूक उद्यानातील लहान मुले असल्याचे दिसते. गिल्बर्ट यांनी १९९२ मध्ये संस्था सोडल्याने या शेवटाचा अर्थ दीर्घकाळ उलगडला नाही. तिसरा खेळ जोनाथन अॅक्ली व लॅरी अहर्न यांच्या नेतृत्वाखाली व्यंगचित्रपटाच्या शैलीत झाला. त्यात पात्रांना प्रथमच आवाज मिळाला; गायब्रशचा आवाज देणारे डॉमिनिक आर्माटो पुढेही या भूमिकेशी जोडलेले राहिले. चौथा खेळ त्रिमितीय होता, तर पाचवा टेलटेल गेम्सने केला. पहिल्या दोन खेळांच्या नव्या चित्रांसह सुधारित आवृत्त्या २००९ व २०१० मध्ये आल्या. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतल्यावर मालिकेचे हक्क त्या संस्थेकडे गेले. पुढे गिल्बर्ट व ग्रॉसमन यांनी पुन्हा एकत्र येऊन सहावा खेळ तयार केला. त्याचा आरंभ दुसऱ्या खेळाच्या त्याच शेवटापासून होतो, आणि मुलाला गोष्ट सांगणारा प्रौढ गायब्रश त्यात निवेदक आहे.

तंत्र

मालिकेतील पहिले तीन खेळ 'स्कम' या प्रणालीवर आधारित आहेत. गिल्बर्ट व अॅरिक विल्मंडर यांनी ती 'मॅनिअॅक मॅन्शन'साठी विकसित केली होती. पहिल्या खेळातील मद्यगृहाचे 'स्कम बार' हे नाव याच प्रणालीवरून आले आहे. दुसऱ्या खेळासाठी मायकेल लँड व पीटर मॅककॉनेल यांनी 'आयम्यूज' ही संगीतप्रणाली रचली. तिच्यामुळे नायक एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जाताना धून न तुटता नव्या वाद्यमेळात मिसळते.

अनधिकृत प्रती रोखण्यासाठी पहिल्या खेळासोबत पुठ्ठ्याची दोन चकत्यांची फिरकी दिली जात असे. पडद्यावर दिसणाऱ्या चाच्याचा चेहरा फिरकीवर जुळवून त्यातून मिळणारा आकडा भरल्यावरच खेळ सुरू होई. चाच्यांच्या खेळाची चाचेगिरी रोखण्याचा हा उपाय विनोदाचा विषय झाला.

भाषांतराचा प्रश्न

पहिले खेळ इंग्रजीखेरीज जर्मन, फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश भाषांत उपलब्ध झाले. बोरिस श्नायडर यांचे जर्मन भाषांतर विशेष नावाजले गेले. भारतीय भाषांत मालिकेचे अधिकृत भाषांतर झालेले नाही.

अडचण संवादांपुरती नाही. काही कोडीच शब्दांवर बेतलेली आहेत. दुसऱ्या खेळात एक झडप फिरवण्यासाठी पाना हवा असतो. या प्रकारच्या पान्याला अमेरिकन इंग्रजीत 'मंकी रेंच' म्हणतात. म्हणून संमोहित केलेले ताठ माकडच पान्यासारखे वापरावे लागते. 'पाना' या मराठी शब्दात माकड कोठेच नाही. त्यामुळे मराठी भाषकाला हे उत्तर तर्काने सापडणे जवळजवळ अशक्य आहे. ब्रिटनमध्येही हा शब्द सर्वपरिचित नसल्याने तेथील खेळाडूंची हीच अडचण झाली. तलवारयुद्धातील टोमणे मात्र मराठीत आणणे तुलनेने सोपे आहे. तेथे मूळ शब्दांशी एकनिष्ठ राहण्यापेक्षा टोमणा आणि उत्तर यांची जोडी साधणे महत्त्वाचे असते, आणि त्यासाठी मराठीत म्हणी, वाक्प्रचार व श्लेष यांचा साठा विपुल आहे.

मराठी इतिहासाच्या संदर्भात

मालिकेतील चाचे ही इतिहासाची नव्हे, तर साहसकथा व चित्रपट यांची निर्मिती आहे. पश्चिम किनाऱ्यावरील चाचेगिरी मात्र वास्तव होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा, तसेच कोकण किनाऱ्यालगतच्या चाच्यांचा उल्लेख येतो. कल्याणहून मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरकडे जाणारा व्यापारी मार्ग याच बंदरावर अवलंबून होता. म्हणजेच समुद्रावरील असुरक्षिततेची झळ किनाऱ्यापासून दूरच्या गावांनाही पोहोचत असे. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने सुरतेकडे परतणारे 'गंज-ए-सवाई' हे मुघल जहाज लुटले.

'चाचा' हा शब्द कोण कोणासाठी वापरतो, हा प्रश्नही येथे महत्त्वाचा ठरतो. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे (निधन १७२९) कोकणच्या समुद्रात जाणाऱ्या जहाजांना दस्तक घ्यावयास लावत आणि ते नसलेली जहाजे पकडत. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना चाचा ठरवले. वस्तुतः पोर्तुगीजही परवान्याची अशीच पद्धत चालवीत होते. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी संयुक्तपणे कुलाब्यावर केलेली स्वारी अयशस्वी झाली. भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळाला आज आंग्रे यांचे नाव आहे. याउलट, २००७ सालच्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' मालिकेतील चित्रपटात आंग्रे घराण्याच्या नावावरून बेतलेले एक पात्र चाच्यांच्या सरदारांत दाखवले आहे. मंकी आयलंडने कोणत्याही ऐतिहासिक आरमाराचे चित्रण केलेले नाही. तिच्यातील थट्टेचा रोख चाच्यांविषयीच्या रूढ कल्पनांवरच आहे.

जतन

फ्लॉपीवरील मूळ प्रती आता नष्ट होत आहेत आणि ज्या संगणकांसाठी हे खेळ लिहिले गेले ते वापरातून गेले आहेत. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'स्कमव्हीएम' या मुक्त प्रणालीमुळे जुने खेळ आधुनिक संगणकांवर व भ्रमणध्वनींवर चालवता येतात. मात्र ही प्रणाली केवळ खेळ चालवते. खेळाच्या मूळ धारिका वापरकर्त्याकडे असाव्या लागतात. मंकी आयलंडचे हक्क सुरक्षित असल्याने त्या विकतच घ्याव्या लागतात. २०२० मध्ये, पहिल्या खेळाला तीस वर्षे झाली तेव्हा, व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने गिल्बर्ट यांच्यासह मूळ आज्ञावलीतील न वापरलेली दृश्ये व चित्रे लोकांसमोर आणली. चित्रपटांच्या रिळांप्रमाणे खेळांचेही पद्धतशीर जतन व्हावे, या मागणीला अशा प्रयत्नांमुळे बळ मिळाले आहे.

हेही पाहा

कान्होजी आंग्रे
चाचेगिरी
नाणेघाट
पी. जी. वुडहाउस