पेटीपर्यंतची वाट

स्वतंत्र भारताची पहिली मतदार यादी तयार होत असताना घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढे एक अडचण उभी राहिली. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश अशा भागांत असंख्य स्त्रिया स्वतःचे नाव सांगायला तयार नव्हत्या. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच ओळख त्या देत, आणि कर्मचारीही तेवढेच लिहून पुढच्या दाराशी जात. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की अशी नोंद चालणार नाही; ज्याला मत द्यायचे त्याचे स्वतःचे नाव यादीत असलेच पाहिजे. नावे दुरुस्त करून घ्यायला बिहारला महिनाभराची वाढीव मुदत मिळाली. तरीही देशातल्या सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. त्या उदासीन होत्या, असे कोणी म्हणू शकेल काय? त्यांना मतदान नको होते, याला काहीच पुरावा नाही. त्यांच्या घरातली रीत आणि सरकारचा नमुना यांचा मेळ बसला नाही, आणि मतपेटी गावात येण्याआधीच त्यांची वाट बंद झाली. मतदान कमी झाले की आपण मतदाराला दोष देतो. माझे म्हणणे असे की आपल्या निवडणुकांचा इतिहास दुसरेच काही सांगतो. टक्का टिकाऊपणे वाढला तो मतदार आणि पेटी यांच्यातली वाट कोणीतरी लहान केली म्हणून.

ही वाट मुळात किती लांब होती, हे आज आपल्या ध्यानात राहिलेले नाही. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ आणि १९४६ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हा मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी गाठीला असल्याशिवाय मत नव्हते. बहुसंख्य प्रौढ माणसे निवडणुकीच्या हिशेबातच नव्हती. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मताधिकाराचा प्रश्न लावून धरला, तो याच भिंतीविरुद्ध. निरक्षराला मत देऊन काय उपयोग, हा त्या काळच्या शहाण्यांचा ठरलेला आक्षेप होता. संविधानाच्या ३२६ व्या कलमाने तो निकालात काढला आणि २१ वर्षांवरील प्रत्येकाला मत दिले. पण कलम लिहिणे वेगळे आणि १७ कोटींहून अधिक नावांची यादी करणे वेगळे. इथे एक निर्णय झाला, ज्याची आपल्याकडे पुरेशी वाखाणणी होत नाही. संविधान अमलात येण्याच्या आधीच, १९४७-४८ पासून, संविधान सभेच्या सचिवालयाने यादीचे काम हाती घेतले, आणि ते सरकारी माणसाने मतदाराच्या दाराशी जाऊन करायचे ठरवले. अमेरिकेत नाव नोंदवण्याचा खटाटोप बव्हंशी नागरिकाच्याच गळ्यात असतो. आपल्याकडे ते ओझे राज्याने उचलले. गरीब, निरक्षर, कचेरीची पायरी चढायला बिचकणाऱ्या माणसाच्या देशात हा फरक फार मोठा होता.

२५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या चार महिन्यांत झालेल्या त्या पहिल्या निवडणुकीची व्यवस्था पाहिली की सेन आणि त्यांचे सहकारी मतदाराकडे कोणत्या नजरेने पाहत होते ते कळते. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. तेव्हा प्रत्येक पक्षाला चित्र दिले: बैलजोडी, झोपडी, हत्ती. एवढ्यावर न थांबता प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि तिच्यावर ते चित्र चिकटवले. मतदाराने काही लिहायचे नाही, खूणही करायची नाही; हातातला कागद आपल्या चित्राच्या पेटीत टाकायचा. या पोलादी पेट्या लाखोंनी लागणार होत्या, आणि त्यांतला मोठा वाटा मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याने तयार केला. सुमारे १ लाख ९६ हजार मतदान कक्षांपैकी २७,५२७ फक्त स्त्रियांसाठी राखले. हिमाचलातल्या चिनी तालुक्याचे रस्ते बर्फाने बंद होणार म्हणून तिथले मतदान सगळ्यांच्या आधी, ऑक्टोबरातच उरकले. मतदान झाले सुमारे ४५ टक्के. हा आकडा आज लहान वाटतो. पण त्या मतदारांपैकी बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच मत दिले होते, आणि त्यांच्यासाठी वेळापत्रक, पेटी आणि कागद यांचीच रचना बदलली गेली होती. 'लोक अजून तयार नाहीत' असे म्हणून कोणी थांबले नव्हते.

पुढचा प्रवास सरळ चढणीचा नाही. १९६२ पासून सगळ्या उमेदवारांची एकच मतपत्रिका, तिच्यावर शिक्का, आणि बोटाला म्हैसूरच्या कारखान्यातली न पुसणारी शाई आली; मतदान ५५ टक्क्यांवर गेले. १९६७ मध्ये ते ६१ झाले, १९७१ मध्ये पुन्हा ५५, १९७७ मध्ये ६०, १९८० मध्ये ५७, १९८४ मध्ये ६४ च्या आसपास, १९९१ मध्ये परत ५६-५७. हा चढउतार पाहून कोणी म्हणेल की मतदान वाढते ते लाटेने. आणीबाणीनंतरचा राग, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची सहानुभूती, २०१४ मधली चुरस. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. पण लाट ओसरते, आणि आकडा तिच्याबरोबर खाली येतो. लाटेने जे येते त्याच्या भरवशावर कोणी धोरण आखू शकत नाही. टिकणारी वाढ पाहायची तर स्त्री आणि पुरुष यांच्या मतदानातल्या अंतराकडे पाहावे. १९६२ मध्ये ६३ टक्के पुरुषांनी मत दिले आणि जेमतेम ४७ टक्के स्त्रियांनी. २००४ पर्यंत हे अंतर ८ टक्क्यांवर आले होते. २००९ मध्ये ते ४ वर आले, २०१४ मध्ये दीडच्या आसपास, आणि २०१९ मध्ये स्त्रिया पुरुषांच्या किंचित पुढेच गेल्या. २०२४ मध्ये एकूण मतदान थोडे उतरले, तरी ही बरोबरी मोडली नाही.

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक नेमका आहे. निवडणूक आयोगाने मतदार जागृतीचा 'स्वीप' हा कार्यक्रम २००९ मध्येच सुरू केला. २०११ पासून २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस पाळला जाऊ लागला. मग अंतर मिटले ते प्रबोधनानेच ना? प्रबोधनाचा वाटा असेल. पण त्याच काळात बाकी काय घडत होते तेही पाहावे लागेल. यादीत छायाचित्रे आली. प्रत्येक केंद्रामागे बीएलओ (केंद्रस्तरीय अधिकारी), म्हणजे बहुतेक ठिकाणी शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका, घरी येऊन नाव तपासू लागली. दारात पुरुष कर्मचारी नाही तर ओळखीची बाई उभी राहिली. मतदान चिठ्ठी घरपोच मिळू लागली. त्याआधीच मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या कारकिर्दीत ओळखपत्र आले होते आणि बूथ बळकावणाऱ्यांना जरब बसली होती. जिथे मारामारीची भीती असते तिथून आधी बायका आणि दुर्बळ माणसे मागे फिरतात. पंचायत राज्यातल्या आरक्षणाने गावागावांत बाई उमेदवार म्हणून उभी राहिली, निवडूनही आली. एवढी सगळी वाट लहान झाल्यावर आवाहन कानावर पडले, म्हणून ते कामी आले. हीच आवाहने, तीही सिनेनटांच्या तोंडून, मुंबईत मुबलक होतात आणि तिथे ती फारशी उपयोगी पडत नाहीत.

मुंबईचे उदाहरण माझ्या विधानाला अडचणीचे आहे, हे खरेच. २०२४ मध्ये गडचिरोली-चिमूर मतदारसंघात जवळजवळ ७२ टक्के मतदान झाले आणि दक्षिण मुंबईत ५० च्या आसपास. गडचिरोलीच्या काही केंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने न्यावे लागले, नक्षलवाद्यांच्या धोक्यामुळे अनेक भागांत दुपारी तीनलाच मतदान थांबवावे लागले. मुंबईत केंद्र चार पावलांवर असते. मग वाट कोणाची लांब? याचे एक उत्तर यादीत आहे. टक्का काढला जातो तो यादीतल्या नावांवर, आणि ज्या शहरात माणसे दर काही वर्षांनी भाड्याचे घर बदलतात, चाळी पडून टॉवर उभे राहतात, तिथल्या यादीत गेलेल्यांची नावे राहतात आणि आलेल्यांची चढत नाहीत. त्या ५० टक्क्यांत किती उदासीन आणि किती नुसते कागदावरचे, हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. खरी उदासीनताही आहे. आपले काम मतावाचून होते असे ज्याला वाटते तो रांगेत उभा राहत नाही. पण तिचा दोष सगळ्या देशाच्या माथी मारू नये. याची उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. यादी आटली की मतदान न वाढताही टक्का वाढतो. २०२५ मध्ये बिहारची यादी फेरतपासणीत ७.८९ कोटींवरून ७.४२ कोटींवर आली आणि त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीत विक्रमी, सुमारे ६७ टक्के मतदान झाले. लोक उत्साहाने आले हेही त्यात आहेच, पण दोन वाढी एकमेकींत मिसळल्या आहेत. १९५२ च्या त्या २८ लाख बायका यादीत असत्या आणि घरीच राहिल्या असत्या, तर त्या वर्षीचा टक्का आणखी लहान दिसला असता. आणि तरीही ती निवडणूक अधिक न्याय्य झाली असती.

सक्तीचा मार्ग अधूनमधून सुचवला जातो, आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला जातो. १९२२ मध्ये तिथे ६० टक्क्यांच्याही आत मतदान झाले. १९२४ मध्ये कायदा झाला आणि १९२५ मध्ये ते ९१ टक्क्यांवर गेले. पण तिथे मतदान शनिवारी असते आणि आपल्या गावापासून दूर असलेल्यालाही मत देण्याच्या सोयी आहेत. आधी वाट, मग सक्ती. गुजरातने स्थानिक संस्थांसाठी सक्तीचा कायदा केला, २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि त्याच वर्षी विधी आयोगानेही सक्ती नको अशी शिफारस केली. मला ती शिफारस पटते. ज्याला मजुरी सोडून गावी जाणे परवडत नाही त्याला दंड करणे म्हणजे एका दंडावर दुसरा चढवणे.

कारण आजची लांब वाट स्थलांतरिताची आहे. बिहारमधल्या त्याच २०२५ च्या निवडणुकीत सुमारे ७१ टक्के स्त्रियांनी मत दिले आणि ६३ टक्के पुरुषांनी. पुरुषांची मोठी संख्या सुरत, मुंबई, पंजाबात कामाला असते. आपल्याकडे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतले ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकातल्या फडांवर मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. १९७१ आणि १९७७ चे लोकसभेचे मतदान मार्चमध्ये झाले, १९९८ चे फेब्रुवारी-मार्चमध्ये. २०२४ चे विधानसभेचे २० नोव्हेंबरला, हंगामाच्या तोंडावर. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देणारी तरतूद १९९६ मध्ये कायद्यात आली, रोजंदारीवरच्यालाही ती लागू आहे. पण दोन-तीनशे किलोमीटरवरच्या गावी जाऊन परतायला एक दिवस पुरत नाही, आणि उचल घेतलेल्या जोडीला मुकादमाकडे सुट्टी मागायची सोय नसते. नाव फडावरच्या गावात हलवावे तर तिथले राहणे चार-पाच महिन्यांचे.

राज्याला हे सोडवता येत नाही असे नाही. गीरच्या जंगलात बाणेजला एका महंतासाठी स्वतंत्र मतदान केंद्र उभारले जात असे. काश्मीरमधून विस्थापित झालेल्यांसाठी १९९६ पासून खास व्यवस्था झाली, सैनिकांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली जाऊ लागली, आणि २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरील वृद्धांच्या आणि अपंगांच्या घरी जाऊन मत घेतले गेले. स्थलांतरितांसाठी आयोगाने एक यंत्र तयार केले, ज्यावर एकाच केंद्रातून ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल, आणि १६ जानेवारी २०२३ ला ते राजकीय पक्षांपुढे ठेवले. परगावच्या मजुरांमध्ये प्रचार कसा करायचा, केंद्रावर आपला प्रतिनिधी कुठून आणायचा, स्थलांतरित नेमका कोणाला म्हणायचे, असे प्रश्न विरोधी पक्षांनी विचारले. ते रास्त होते. त्यांची उत्तरे शोधण्याचे काम मात्र तिथेच थांबले, आणि पुढच्या वर्षीच्या लोकसभेला हे यंत्र कुठल्याही केंद्रावर नव्हते.