मागें पडलेलें मूल

मूल शाळेंत गेलें म्हणजे तें शिकलें, असा लोकांचा पक्का समज असतो. परंतु शाळेंत बसूनहि वाचन व गणित यांत मागें पडणाऱ्या मुलांचा प्रश्न फार जुना आहे; आणि त्यांस पुन्हां वाटेवर आणण्याच्या प्रयत्नांचा इतिहास बोधप्रद आहे.

महाराष्ट्रांतील जुन्या पंतोजींच्या शाळेंत इयत्ता हा प्रकार नव्हता. एक मुलगा धूळपाटीवर अक्षरें गिरवीत असे, दुसरा पाढे घोकीत असे, तिसरा पावकी-निमकी म्हणत असे. ज्याची जेथपर्यंत मजल, तेथून त्याचा पाठ. थोरला मुलगा धाकट्यास सांगे. या शाळेचे दोषहि मोठे होते. घोकंपट्टीस सीमा नव्हती, छडीस विसांवा नव्हता, आणि मुलींस व अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस तिचें दार बहुधा बंदच होतें. तथापि मूल जेथें आहे तेथूनच त्यास पुढें न्यावयाचें, एवढी गोष्ट तिला साधली होती.

अशाच देशी रीतीचें मोल मद्रासेंत एका परक्या माणसानें ओळखलें. डॉ. अँड्र्यू बेल हे १७८९ सालीं तेथील अनाथ मुलांच्या आश्रमाचे प्रमुख झाले. देशी शाळेंतील मुलें वाळूंत अक्षरें काढतांना त्यांनीं पाहिलीं. ती रीत आश्रमांत आणण्यास शिक्षक राजी होईनात. तेव्हां त्यांनीं आठ वर्षांच्या एका मुलाकडेच लहानांस शिकविण्याचें काम सोंपविलें, आणि त्यानें तें करून दाखविलें. हा वृत्तांत बेल यांनीं १७९७ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केला.

एकोणिसाव्या शतकांत इयत्ता, नेमलेलीं पुस्तकें व वार्षिक परीक्षा यांची घडी बसली. व्यवस्था आली, पण तिजबरोबर नवी अडचणहि आली. पुस्तक पुढें सरके आणि मूल मागें राही. सर फिलिप हार्टोग यांच्या समितीच्या १९२९ च्या अहवालांत या हानीचा हिशोब आहे. हिंदुस्थानांत १९२२-२३ सालीं पहिलींत असलेल्या दर १०० मुलांमागें १९२५-२६ सालीं चौथींत अवघीं १८ होतीं. बाकीचीं एक तर शाळा सोडून गेलीं, नाहीं तर खालच्या इयत्तेंतच अडकलीं.

यावर एक साधा उपाय मुंबईंत व बडोद्यांत करून पाहण्यांत आला. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमांत वस्तींतीलच एक तरुण मुलगी तिसरी-चौथींतील मागें पडलेल्या १५ ते २० मुलांस वर्गाबाहेर घेऊन बसे, आणि रोज दोन तास अक्षरओळख व अंकओळख यांपासून शिकवी. २००१ ते २००३ या काळांत या उपक्रमाची शास्त्रीय कसोटी घेण्यांत आली. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत अधिक लाभ सर्वांत दुबळ्या मुलांस झाला. मागें वर्गांत उरलेल्या मुलांस मात्र गर्दी कमी होऊनहि विशेष फायदा झाला नाहीं. म्हणजे गुण वर्गाच्या लहानपणाचा नव्हे, पाठ मुलाच्या बेताचा असण्याचा होता. तथापि उपक्रम संपल्यावर वर्षभरांत तो लाभ बराच ओसरला, हेंहि विसरतां येत नाहीं.

२०२० सालीं महामारीमुळें शाळा दीर्घकाळ बंद पडल्या. ‘असर’ या पाहणींत ग्रामीण भारतांतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीचा उतारा वाचूं शकणारीं मुलें २०१८ सालीं शेंकडा २७·३ होतीं. २०२२ सालीं तीं २०·५ वर आलीं. २०२४ सालीं तो आंकडा २७·१ झाला. वजाबाकी येणारीं मुलें २८·२ वरून २५·९ वर उतरलीं व पुढें ३३·७ वर चढलीं. गेलेलें परत मिळवितां येतें, हें या आंकड्यांनीं दिसलें. पण चार मुलांतील सुमारें तीन मुलें अद्याप तो उतारा वाचूं शकत नव्हतीं, हेंहि त्यांतच दिसतें.

मागें पडलेल्या मुलास खालीं थांबविलें काय किंवा वर ढकललें काय, त्यास अक्षर लागत नसेल तर दोन्ही सारखेंच. तें कोणत्या इयत्तेंत आहे हें हजेरीपटावरून कळतें. तें कोठें अडलें आहे हें त्याच्याजवळ बसल्यावांचून कळत नाहीं. पंतोजींची धूळपाटी गेली, ती जाणेंच योग्य होतें; पण मुलाजवळ बसण्याची तिची रीत राखण्याजोगी होती.