पडद्यावरचे काही मायक्रॉन

डोळ्याची बाहुली काळी का दिसते? आत शिरलेला प्रकाश आला त्याच वाटेनं परत फिरतो. त्या वाटेत पाहणाऱ्यानं डोकं घातलं, की दिवाच झाकला जातो. कोनिग्सबर्गमधले प्राध्यापक हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी तिरक्या काचा लावून ही अडचण सोडवली आणि १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोपचं वर्णन प्रसिद्ध केलं. जिवंत माणसाचं दृष्टिपटल डॉक्टरांना दिसू लागलं.

१८६८ मध्ये पॅरिसच्या सॅल्पेत्रिएर रुग्णालयात ज्यां-मार्तां शार्को यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस) सविस्तर चित्र मांडलं. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण जागोजागी झिजवणारा हा आजार. पुष्कळ रुग्णांमध्ये त्याची सुरुवात डोळ्यापासून होते: एका डोळ्याची नजर अंधूक होते, डोळा हलवला की दुखतं. पण सूज बहुतेकदा डोळ्याच्या मागे, नेत्रमज्जातंतूत असल्यानं ऑफ्थॅल्मोस्कोपमधून सारं ठीकठाक दिसे. रुग्णालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही, असं वैद्यकात गमतीनं म्हटलं जाई. १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहोफ यांनी नोंदवलं, की श्रम झाल्यावर काही रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते. ते लक्षण आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

पुढची मोठी नोंद १९७४ मधली. लार्स फ्रिसेन आणि विल्यम हॉइट यांनी लाल छटा वगळलेल्या प्रकाशात दृष्टिपटल बारकाईनं तपासलं. या प्रकाशात मज्जातंतूंचे बारीक पांढुरके पट्टे उठून दिसतात. एमएसच्या रुग्णांमध्ये त्या पट्ट्यांच्या मधे काळसर फटी आढळल्या. नजरेची तक्रार नसलेल्या काहींच्या डोळ्यांतही त्या होत्या.

दृष्टिपटलातल्या मज्जातंतूंवर सहसा मायलिन नसतं. तंतू डोळ्याबाहेर पडल्यावर ते चढतं. म्हणून इथला थर पातळ झाला, तर केवळ आवरण नव्हे, तंतूच गेले असं समजायचं. मेंदूच्या एमआरआयमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या काढणं अवघड जातं.

पण फटी दिसणं वेगळं आणि किती तंतू गेले हे मोजणं वेगळं. ती सोय ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीनं, म्हणजे ओसीटीनं केली. एमआयटीतले जेम्स फुजिमोटो, डेव्हिड ह्वांग, एरिक स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे तंत्र मांडलं. परत आलेल्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणावरून ते थरांची खोली काढतं. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. १९९९ मध्ये रोममधल्या परीसी आणि सहकाऱ्यांनी नेत्रमज्जातंतूच्या सुजेचा झटका येऊन गेलेल्या एमएसच्या रुग्णांमध्ये तंतूंचा थर पातळ झाल्याचं ओसीटीनं दाखवलं.

हा थर निरोगी डोळ्यात सरासरी शंभर मायक्रॉनच्या आसपास. कॅनडातल्या फिओना कॉस्टेलो यांच्या गटाला २००६ मध्ये आढळलं, की झटक्यानंतर तो सुमारे ७५ मायक्रॉनच्या खाली गेला, तर नजर नीट भरून येत नाही. २०१० मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा झटका आलेल्या डोळ्यांत सरासरी घट सुमारे २० मायक्रॉन निघाली. झटका न आलेल्या डोळ्यांतही ती सुमारे ७ होती: फ्रिसेन-हॉइट यांनी पाहिलेल्या फटींना आता आकडा मिळाला.

निदानाच्या नियमांत मात्र नेत्रमज्जातंतूला बराच काळ जागा नव्हती. २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांनीही तो बाहेरच ठेवला. २०२४ च्या सुधारणेत त्याला एमएसच्या इजेचं मज्जासंस्थेतलं पाचवं स्थान म्हणून मान्यता मिळाली. दोन डोळ्यांच्या तंतुथरात ६ मायक्रॉन किंवा अधिक फरक असेल, तर तो पुरावा म्हणून धरता येतो. मात्र काचबिंदूनंही हाच थर झिजतो, त्यामुळे तसली इतर कारणं आधी वगळावी लागतात.