वेबपृष्ठांचे साचे आणि मजकुरेतर मूल्ये : मराठी अंकांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वाघोली गावाचा २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समावेश झाला. अशा गावांतील नागरिकांचा शासनव्यवहाराशी येणारा संबंध आता कार्यालयाच्या खिडकीप्रमाणेच संकेतस्थळावरील अर्जातूनही येतो. हा अर्ज ठरावीक साच्यात माहिती भरून संगणक प्रत्येक वेळी नव्याने तयार करतो. भरावयाची माहिती मजकूर नसून संख्या, होय-नाही किंवा रिक्त मूल्य असेल तर काय घडते, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रश्नाचे मूळ

एचटीएमएलमध्ये प्रत्येक घटकाला गुणधर्म जोडता येतात. मात्र लिखित स्वरूपात गुणधर्माचे मूल्य केवळ मजकूरच असते. १९८६ साली प्रमाणित झालेल्या एसजीएमएल या पूर्वसूरीने काही गुणधर्म नुसत्या एका शब्दाने लिहिण्याची सवलत दिली होती. १९९५ च्या एचटीएमएल २.० मधील ‘चेक्ड’ हा गुणधर्म त्याच परंपरेतील होय. २००० साली आलेल्या एक्सएचटीएमएल १.० ने ही सवलत काढून घेतली व ‘चेक्ड’चे मूल्य ‘चेक्ड’ असे पूर्ण लिहिणे बंधनकारक केले. २०१४ च्या एचटीएमएल ५ ने नियम स्पष्ट केला : अशा गुणधर्माची उपस्थिती म्हणजे ‘होय’ आणि अनुपस्थिती म्हणजे ‘नाही’. परिणामी ‘डिसेबल्ड’ या गुणधर्मात ‘फॉल्स’ असे लिहिले तरी बटण बंदच राहते.

साच्यांची भूमिका

जुन्या साच्यांना गुणधर्म व साधा मजकूर यांतील भेद कळत नसे. पीएचपी भाषेत ‘असत्य’ छापल्यास रिकामा मजकूर उमटतो, तर पायथनमध्ये ‘फॉल्स’ हा शब्द. दोन्ही प्रसंगी गुणधर्म शिल्लक राहतो आणि अर्ज सादर करण्याचे बटण दाबता येत नाही. २०१३ साली खुल्या झालेल्या रिअ‍ॅक्टने असत्य मूल्य आल्यास असा गुणधर्मच वगळण्याची पद्धत रूढ केली.

तथापि सर्वच गुणधर्मांना हा न्याय लावता येत नाही. दृष्टिहीनांच्या वाचनप्रणालीसाठी असलेल्या ‘एरिया-एक्सपांडेड’मध्ये ‘फॉल्स’ म्हणजे ‘हा भाग मिटलेला आहे’ अशी अर्थपूर्ण माहिती असते. तो गुणधर्म वगळल्यास येथे उघडण्याजोगे काही आहे, हेच वाचकाला कळत नाही. म्हणून २०२० च्या व्ह्यू ३ ने अशा गुणधर्मांत ‘फॉल्स’ कायम ठेवून केवळ रिक्त मूल्य आल्यासच गुणधर्म काढण्याचे धोरण स्वीकारले.

मराठी अंकांचा प्रश्न

१९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीस राज्यकारभारात स्थान मिळाले. १९९१ च्या पहिल्या युनिकोड आवृत्तीत देवनागरी अंकांना स्वतंत्र संकेतांक लाभले. पुढे ब्राउझरमध्ये भाषानिहाय संख्यालेखनाची सोय झाली आणि मराठी निवडताच एक हजार दोनशे चौतीस ही संख्या ‘१,२३४’ अशी उमटू लागली. वाचकाच्या दृष्टीने ही इष्ट गोष्ट होय.

मात्र एचटीएमएलचे संख्याविषयक नियम केवळ रोमन लिपीसोबत वापरले जाणारे अंक ओळखतात आणि स्वल्पविराम स्वीकारत नाहीत. संख्येच्या रकान्यात ‘१,२३४’ हे मूल्य साच्याने भरल्यास ब्राउझर ते अवैध मानून रकाना रिकामा ठेवतो. तक्त्यातील दोन स्तंभ जोडण्यासाठी ‘२’ असा देवनागरी अंक लिहिल्यास तो दुर्लक्षित होऊन एकच स्तंभ धरला जातो. पडद्यावर त्रुटीची सूचनाही दिसत नाही. कराची रक्कम रिकामी पाहणाऱ्या नागरिकाला आपलीच नोंद हरवल्याचा समज होणे स्वाभाविक आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मूल्याचे मजकुरात रूपांतर करण्याचा एकच सरसकट नियम पुरेसा नाही. वाचकासाठी असलेली संख्या देवनागरीत आणि यंत्रासाठी असलेली संख्या प्रमाणित अंकांत लिहिली जावी. होय-नाही व रिक्त मूल्यांचा निर्णय गुणधर्माचा अर्थ पाहून व्हावा. जँगो या प्रणालीने ‘अनलोकलाइझ’ ही सोय देऊन हाच विवेक साच्यात आणला आहे. मराठी संकेतस्थळांच्या चाचणीत या बाबीचा समावेश झाल्यास मराठी अंक आणि बिनचूक अर्ज यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ नागरिकावर येणार नाही.