कुंकळ्ळीची दोन स्मारके

सातारा-सांगलीकडील आपली कुटुंबे मिरज-लोंढा मार्गे गोव्याला जातात आणि संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीपुढे माथा टेकवून परततात. मडगावच्या दक्षिणेस असलेल्या कुंकळ्ळीपर्यंत फार थोडे भाविक पोहोचतात.

तेथे 25 जुलै 1583 रोजी (जुन्या पंचांगानुसार 15 जुलै) येशूसंघाच्या पाच जणांना रक्तसाक्षीचे मरण आले. क्रूस उभारावा, चर्चसाठी जागा पाहावी, म्हणून ते गेले होते. ग्रामस्थांनी त्यांना ठार करून मृतदेह विहिरीत टाकले. त्यांचे प्रमुख फादर रुडॉल्फ अक्वाविवा अवघे 32 वर्षांचे होते. आदली तीन वर्षे ते अकबराच्या दरबारी होते. तेथे मौलवींशी उघड वादविवाद करूनही त्यांच्या केसाला धक्का लागला नाही. प्राण गेले ते पोर्तुगीज ध्वजाखालील मुलखात!

याचे कारण प्रवचनात आपण सहसा सांगत नाही. मीही पुष्कळ वर्षे सांगितले नाही. पोर्तुगीज सैन्याने त्यापूर्वी कुंकळ्ळीची मंदिरे उद्ध्वस्त केली होती, आणि या पाचांपैकी फादर पाशेको व फादर बेर्नो अशा मोहिमांत सैन्यासोबत होते. ग्रामस्थांच्या दृष्टीने क्रूस आणि तलवार एकाच हाताने आले होते. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या सोळा गावकारांना वाटाघाटीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले. एकटाच नदीत उडी टाकून निसटला, असे सांगतात. आज कुंकळ्ळीत रक्तसाक्षींचे चॅपेल आहे, तसे या गावकारांचेही स्मारक आहे. यात्रेकरूने दोन्हीकडे थांबावे, असे माझे मत आहे. पाचांची श्रद्धा त्याने उणी होत नाही.

पोप तेरावे लिओ यांनी 1893 मध्ये या पाचांना धन्य घोषित केले. त्यांच्यासोबत मारले गेलेले गोन्सालो रॉड्रिग्ज हे पोर्तुगीज गृहस्थ व चौदा स्थानिक ख्रिस्ती मात्र त्यांत नाहीत. त्या चौदांत डोमिनिक नावाचा कुंकळ्ळीचाच एक मुलगा होता आणि फादर पाशेको यांचा प्रार्थनाग्रंथ न सोडणारा अल्फोन्सो हा वेदीसेवक होता. माझ्या वेदीसेवकांना मी प्रथम याचीच गोष्ट सांगतो.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा तेव्हा फातर्प्याला हलविण्यात आली. दर फाल्गुनात छत्र्यांच्या मिरवणुकीसह ती आपल्या जुन्या गावी येते. त्या मिरवणुकीत गावची ख्रिस्ती घराणीही सामील होतात.